संतांना पुतळा होण्याआधी भेटू द्या: धर्मशिक्षण देणाऱ्यांना एक खुले पत्र

प्रिय सहशिक्षकहो, आणि धर्मशिक्षणाचा अभ्यासक्रम ठरवणाऱ्या आदरणीय फादर, सिस्टर व मंडळातील सभासदांनो,

सप्रेम नमस्कार.

सर्व संतांच्या सणाला, १ नोव्हेंबरला, आमच्या वर्गातली मुलं एकदा संतांच्या वेशात आली होती. आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा लाल झगा घालून, हातात पुठ्ठ्याची जाळी धरून उभा होता. जाळीवर चंदेरी कागद अगदी निगुतीने चिकटवलेला. मी विचारलं, "तू कोण?" म्हणाला, "संत लॉरेन्स." "आणि हातात काय?" "ह्याच्यावर त्यांना भाजलं." "का भाजलं?" तो गप्प झाला. आईकडे बघू लागला. आईही गप्प. दोष त्या दोघांचा नव्हता. कोणी कोण व्हायचं याची यादी मीच दिली होती. काय घालून यायचं ते त्यात होतं, काय समजून यायचं ते नव्हतं.

लॉरेन्स रोममधला डीकन, म्हणजे धर्मगुरूच्या खालच्या दर्जाचा चर्चसेवक. गरिबांना मदत वाटण्याचं काम त्याच्याकडे होतं. इ.स. २५८ मध्ये, सम्राट व्हॅलेरियनच्या काळात ख्रिस्ती लोकांचा छळ सुरू असताना, अधिकाऱ्याने त्याला सांगितलं की चर्चची सगळी संपत्ती आणून हजर कर. परंपरा सांगते, त्याने मुदत मागून घेतली, हाती होतं ते सगळं वाटून टाकलं, आणि ठरल्या दिवशी गरीब, आंधळे, लंगडे यांची रांग समोर उभी करून म्हणाला, ही चर्चची संपत्ती. आमचा मुलगा कार्यक्रम संपेपर्यंत जाळी घेऊन उभा राहिला. ती रांग व्यासपीठावर आलीच नाही.

हे पत्र त्या रांगेसाठी आहे.

आपण मुलांना संत शिकवतो म्हणजे बहुतेक वेळा संताचा शेवट शिकवतो. जन्म, मृत्यू, सणाची तारीख, हातातलं चिन्ह, कशाचा आश्रयदाता. मग रंगवायला चित्र, जोड्या लावा, वेशभूषा, आणि वर्षाच्या शेवटी प्रश्नपत्रिका. मुलांना हे आवडत नाही असं नाही. रंगवणं कोणाला आवडत नाही? पण असिसीच्या संत फ्रान्सिसच्या झग्याला तपकिरी रंग देताना मुलाच्या मनात फ्रान्सिस कुठेच नसतो. माझं म्हणणं एवढंच आहे की वर्गातली कृती त्या संताच्या आयुष्यातूनच निघायला हवी, आणि ती मुलाला त्या क्षणी उभं करणारी हवी जेव्हा त्या माणसाला आपण संत होणार हे माहीत नव्हतं.

जेझुइट संघाचा संस्थापक संत इग्नेशियस, त्याचंच बघा. तेव्हा तो सैनिक होता. १५२१ मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने त्याचा पाय मोडला. हाड वेडंवाकडं जुळलं म्हणून त्याने ते पुन्हा मोडून घेतलं, आणि गुडघ्याखाली बाहेर आलेला तुकडा कापवून घेतला. कशासाठी? रुबाबदार बूट घालता यावेत म्हणून. हे ऐकताना मुलं डोळे विस्फारून बसतात, कारण हा माणूस त्यांच्या ओळखीचा असतो. मग अंथरुणावर पडल्या पडल्या त्याने शूरवीरांच्या कादंबऱ्या मागितल्या. घरात त्या नव्हत्या. होतं एक ख्रिस्तचरित्र आणि एक संतकथांचं पुस्तक. तो तासन् तास एका उच्चकुलीन स्त्रीची दिवास्वप्नं बघायचा. मग वाचलेलं आठवून विचार करायचा, फ्रान्सिसने केलं ते मी केलं तर? डॉमिनिकने केलं ते मी केलं तर? दोन्ही स्वप्नं रंगत असताना गोडच वाटायची. फरक नंतर जाणवायचा. पहिलं संपलं की मन कोरडं, दुसरं संपलं तरी आनंद मागे रेंगाळलेला.

यातून निघालेली कृती अगदी साधी आहे आणि तिला पुठ्ठा-कात्री काही लागत नाही. बारा-तेरा वर्षांच्या मुलांना दोन कागद द्या. एकावर आपल्याला सगळ्यात हवंहवंसं वाटणारं दिवास्वप्न लिहायचं, दुसऱ्यावर "अमक्या संताने केलं ते मी केलं तर" असं एक. कागद घडी घालून स्वतःजवळ ठेवायचे. शिक्षकाने बघायचे नाहीत, हे आधीच सांगायचं आणि पाळायचं. पुढच्या तासाला विचारायचं, आठवडाभरात कुठलं स्वप्न पुन्हा आठवलं, आणि आठवल्यावर कसं वाटलं? बोलायचं असेल त्यानेच बोलायचं. पहिल्यांदा हे केलं तेव्हा वर्गात दोनच मुलं बोलली. बाकीची ज्या तऱ्हेने शांत होती, तशी शांतता मी त्या वर्गात आधी कधी पाहिली नव्हती. इग्नेशियसने पुढे ज्याला मनोभावांची पारख म्हटलं, तिची सुरुवात या अंथरुणावर झाली. तो शब्द फळ्यावर लिहिण्याआधी मुलांनी ती गोष्ट करून पाहिलेली असते.

फ्रान्ससाठी इंग्रजांशी लढलेल्या जोन ऑफ आर्कसाठी मी नाट्यप्रवेश बसवायची. चिलखत, घोडा, शेवटी लाल कापडाच्या ज्वाळा. आता नाही बसवत. आता आम्ही तिच्यावरचा पाखंडाचा खटला वाचतो, कारण त्याची नोंद टिकून आहे. एकोणीस वर्षांची, लिहिता-वाचता न येणारी मुलगी, आणि समोर विद्वान धर्मपंडित. त्यांनी तिला विचारलं, तू ईश्वरकृपेत आहेस का? मी इथे थांबते आणि मुलांनाच म्हणते, द्या उत्तर. "हो" म्हणालात तर अपराधी, कारण आपण कृपेत आहोत हे कोणालाच खात्रीने म्हणता येत नाही अशी चर्चची शिकवण. "नाही" म्हणालात तर स्वतःच्या तोंडाने कबुली. मुलं चडफडतात, हुज्जत घालतात, पळवाटा शोधतात. दहा मिनिटांनी मी जोनचं उत्तर वाचते: मी कृपेत नसेन तर देव मला तिथे नेवो, आणि असेन तर देव मला तिथेच ठेवो. प्रश्न विचारणारे थक्क झाले, असं त्या खटल्याच्या एका लेखनिकाने पुढे सांगितलं. माझा वर्गही दरवेळी थक्क होतो, कारण त्यांनी आधी स्वतः डोकं खाजवलेलं असतं.

आणि मग तो प्रश्न येतोच: "टीचर, तिला जाळणारे तर चर्चचेच होते ना?" होते. खटला चालवणारा स्वतः बिशप होता. १४३१ मध्ये तिला रुआँ शहरात जाळलं. १४५६ मध्ये चर्चनेच तो निकाल रद्द ठरवला आणि १९२० मध्ये तिला संतपद दिलं. हे दडवू नका, अशी माझी हात जोडून विनंती आहे. चौदा वर्षांच्या मुलाला अर्धं सांगितलेलं लगेच कळतं, आणि मग उरलेल्या सगळ्यावरचाच त्याचा विश्वास उडतो.

आता सगळ्यात जास्त वेळ घेणारी आणि मला सगळ्यात प्रिय असलेली कृती. संतपदाच्या चौकशीत विरुद्ध बाजू मांडायला पूर्वी एक अधिकारी नेमलेला असे. पोप सिक्स्टस पाचवे यांनी १५८७ मध्ये हे पद अधिकृत केलं. लोक त्याला सैतानाचा वकील म्हणत. उमेदवाराच्या आयुष्यातल्या उणिवा शोधणं आणि चमत्कारांवर शंका घेणं हे त्याचं काम. १९८३ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी सगळी पद्धत बदलली, तेव्हा त्या पदाचं स्वरूपही पालटलं. पण वर्गात मी ते जुन्या रूपातच चालू ठेवलं आहे.

आम्ही संत जेरोमची चौकशी करतो. बायबलचं लॅटिन भाषांतर करणारा हा थोर विद्वान अत्यंत तापट होता. रुफिनस नावाच्या जुन्या जिवलग मित्राशी त्याचं इतकं बिनसलं की दोघांनी एकमेकांविरुद्ध जळजळीत लिखाण केलं. एक गट बाजू मांडणारा, एक गट सैतानाचे वकील, तिघेजण न्यायासनावर. वकिलांचा सवाल ठरलेला असतो: जो मित्राला माफ करू शकला नाही, तो संत कसा? बाजू मांडणाऱ्यांना मग खरोखर शोधावं लागतं. तो बेथलेहेमला राहिला, वयाने मोठं झाल्यावर हिब्रू शिकला, पवित्र शास्त्र लोकांच्या हाती देण्यासाठी वर्षानुवर्षं खपला. पण रागाचं काय? एकदा एक मुलगी, एरवी कोणाशी न बोलणारी, उठून म्हणाली, "राग आला तरी काम सोडलं नाही, हे पण मोजा ना." न्यायासनावरच्या तिघांचं त्या दिवशी एकमत झालं नाही, आणि मीही ते घडवून आणलं नाही. घंटा वाजली तरी भांडण चालूच होतं.

या ओघात संतपदाचे टप्पे आपोआप शिकवून होतात: मृत्यूनंतर साधारण पाच वर्षं थांबणं, चौकशी, धन्यवादित (संतपदाआधीची पायरी) घोषित होण्यासाठी एक चमत्कार, संतपदासाठी आणखी एक, आणि रक्तसाक्ष्यांना, म्हणजे श्रद्धेसाठी जीव दिलेल्यांना, पहिल्या चमत्काराची अट नसणं. पाच वर्षांची अट शिथिल करता येते, हे मदर तेरेसांच्या उदाहरणावरून सांगता येतं. त्या १९९७ मध्ये गेल्या, दोन वर्षांच्या आत काम सुरू झालं आणि २०१६ मध्ये संतपद मिळालं. हीच माहिती मी पूर्वी तक्ता लावून पाठ करून घ्यायची. एकाच्याही लक्षात राहायची नाही.

आता एक चूक सांगते, म्हणजे ती तुमच्या हातून होणार नाही. संत जोसेफीन बखिताचा धडा होता. सुदानमधली ही मुलगी. लहानपणी तिला पळवून गुलाम म्हणून विकलं. त्या धसक्याने ती स्वतःचं नावच विसरली. पळवणाऱ्यांनी तिला "बखिता" म्हणायला सुरुवात केली. अरबीत त्याचा अर्थ नशीबवान. मला वाटलं, नाव हरवणं म्हणजे काय ते मुलांना जाणवू दे. म्हणून एक तासभर सगळ्यांची नावं काढून घेतली आणि आकडे दिले. पंधरा मिनिटांत मुलांनी आकडे सोडून एकमेकांच्या रंगावरून, अंगकाठीवरून हाका मारायला सुरुवात केली. एक मूल रडत बाहेर गेलं. मी खेळ थांबवला, माफी मागितली. दुसऱ्याचं दुःख खेळून बघण्याची गोष्ट नसते, हे मला त्या रडणाऱ्या मुलाने शिकवलं. छळाचा, गुलामीचा, हौतात्म्याचा अभिनय मुलांकडून करून घेऊ नका. कितीही परिणामकारक वाटला तरी नका करू.

आता मी तोच धडा उलट्या बाजूने घेते. मुलं घरी जाऊन विचारतात, माझं नाव कोणी ठेवलं, का ठेवलं, त्या नावाचा कोणी संत आहे का. वर्गात नावांच्या गोष्टी होतात, हसणं होतं. त्यानंतर मी बखिताची गोष्ट सांगते. मालकीण तिला इटलीहून परत न्यायला आली तेव्हा तिने जायला नकार दिला. प्रकरण न्यायालयात गेलं आणि १८८९ मध्ये ती स्वतंत्र असल्याचा निर्णय झाला. पुढच्याच वर्षी स्नानसंस्काराच्या वेळी तिला जी नावं मिळाली त्यात एक होतं फोर्तुनाता, म्हणजे बखिताचंच लॅटिन रूप. पळवणाऱ्यांनी दिलेलं नाव तिने टाकलं नाही, असं मी सांगते आणि विचारते, का टाकलं नसेल? उत्तर मी देत नाही. तिचा सण ८ फेब्रुवारीला, आणि त्याच दिवशी मानवी तस्करीविरुद्ध प्रार्थना होते, हेही मुलांना इथेच कळतं.

मोठ्या मुलांसाठी मॅक्सिमिलियन कोल्बे. ऑशविट्झ या नाझी छळछावणीत एक कैदी पळाल्याची शिक्षा म्हणून दहा जणांना उपाशी मारायला निवडलं, त्यांतला एक बायको-मुलांसाठी आक्रोश करू लागला, आणि फादर कोल्बे त्याच्या जागी पुढे झाले. १४ ऑगस्ट १९४१ ला त्यांचा अंत झाला. हे सगळेच सांगतात. मी मुलांना त्या दुसऱ्या माणसाकडे बघायला सांगते. फ्रान्सिशेक गायोव्निचेक. तो वाचला. पण ज्यांच्यासाठी तो रडला होता ते दोन्ही मुलगे युद्धात मारले गेले. तो स्वतः १९९५ पर्यंत जगला, आणि १९८२ मध्ये कोल्बेंच्या संतपदाच्या सोहळ्याला हजर होता. त्या माणसाने त्या रात्री घरी कोणाला पत्र लिहिलं असतं तर काय लिहिलं असतं? एवढाच प्रश्न. आलेली पत्रं मी वर्गात वाचून दाखवत नाही. एका पत्रात फक्त दोन वाक्यं होती, आणि त्यांवर शेरा लिहायला माझा हात उचलला नाही.

लहानांसाठी इतकं जड काही नको. त्यांच्यासाठी चिन्हांची कोडी उत्तम. किल्ल्या कोणाच्या? पेत्राच्या. थाळीत डोळे घेऊन कोण उभं? लुसी. सिंह कोणाजवळ? जेरोमजवळ. चाक? अलेक्झांड्रियाची कॅथरीन. चित्रांवरून ओळखायला मुलं पटकन शिकतात, आणि पुढे कुठल्याही जुन्या चर्चमध्ये गेली की भिंती वाचू लागतात. मग त्यांनी स्वतःचं चिन्ह काढायचं. अट एक: आवडीची वस्तू नाही, आपण कोणासाठी तरी जे करतो त्याची खूण. एका मुलाने चष्मा काढला. आजीचा चष्मा रोज हरवतो आणि तो रोज शोधून देतो.

छोटी तेरेजा, लिज्यूची, लहानपणी मणी ओवलेल्या दोरीवर आपली छोटी सत्कृत्यं मोजायची. ही दोरी मुलांना करायला द्या, पण भिंतीवर लावू नका, कोणाचे मणी जास्त झाले हे विचारू नका. स्पर्धा आली की तेरेजा गेली. तिला प्रार्थनेत झोप लागायची, हेही जरूर सांगा. आणि मठाबाहेर न पडता ती दोन मिशनरींना पत्रं लिहीत राहिली, चोविसाव्या वर्षी वारली, आणि १९२७ मध्ये मिशनकार्याची आश्रयदाती ठरली, हे सांगून झालं की वर्गातून कोणा आजारी किंवा एकट्या माणसाला खरी पत्रं जाऊ द्या. एकदा पाठवून थांबू नका, वर्षभर जाऊ द्या. सिएनाच्या कॅथरीननेही पत्रंच लिहिली, थेट पोपना, जे तेव्हा फ्रान्समधल्या आव्हिन्यों शहरात राहत होते, रोमला परत या म्हणून. पोप ग्रेगरी अकरावे १३७७ मध्ये परतले. मोठ्या मुलांना हे फार आवडतं.

आख्यायिकांचं काय करायचं, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. मी तीन रंगांच्या पेन्सिली वापरते. एक रंग ज्याची नोंद आहे त्याला, एक परंपरेला, एक आख्यायिकेला. संत जॉर्ज रक्तसाक्षी म्हणून फार पूर्वीपासून मानला गेला. अजगर त्याच्या कथेत कित्येक शतकांनी आला. मुलांना अजगर गेल्याचं वाईट वाटत नाही, कारण तो जात नाही, फक्त त्याचा रंग बदलतो. मग मी विचारते, लोकांना या माणसाच्या गोष्टीत अजगर का घालावासा वाटला असेल? हीच पेन्सिल लॉरेन्सच्या गोष्टीवर फिरवली तेव्हा कळलं की त्याचा मृत्यू आणि साल पक्कं, गरिबांची रांग परंपरेतली, आणि जिच्याबद्दल अभ्यासकांना सगळ्यात जास्त शंका आहे ती म्हणजे जाळी. आम्ही चंदेरी कागद नेमका तिलाच लावला होता.

वर्गात इतर धर्मांची मुलं असतील तर एवढं बघा की संतांविषयी शिकवणं आणि संतांची प्रार्थना करायला लावणं यांतली रेघ पुसली जाऊ नये. वर सांगितलेल्या कृतींमध्ये प्रत्येक मूल मोकळेपणाने भाग घेऊ शकतं. आणि कॅथलिक मुलांनाही स्पष्ट सांगावं लागतं की आराधना फक्त देवाची. संतांचा आपण सन्मान करतो, आणि आपल्यासाठी प्रार्थना करा म्हणून त्यांना विनवतो.

अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांना माझं मागणं थोडं आहे. वर्षाला चाळीस संतांची यादी देऊ नका, आठ द्या. जेरोमच्या एका चौकशीला तीन तास लागतात, आणि ते तीन तास कोणीच देत नाही, कारण पुढच्या रविवारी पुढचा संत उभा असतो. तारखांना गुण देणं बंद करा. आठ निवडताना सगळे बिशप आणि मठवासी नकोत. लिमाचा मार्टिन द पोरेस असू दे, ज्याला रंगामुळे हिणवलं गेलं. तेरेजाचे आईवडील, लुई आणि झेली मार्टिन असू देत. त्या जोडप्याला २०१५ मध्ये एकत्र संतपद मिळालं. कार्लो अकुतिस असू दे, पंधराव्या वर्षी रक्ताच्या कर्करोगाने गेलेला, संगणकात रमणारा. सप्टेंबर २०२५ मध्ये तो संत झाला, आणि मुलांना त्याचे बूट आपल्यासारखे दिसतात. कुठल्या वयाला कुठल्या हौतात्म्याचा किती तपशील सांगायचा, याचं मार्गदर्शन लेखी द्या. नव्या शिक्षकाला ते कोणीच सांगत नाही.

आणि "हे सगळं खेळच झालं" असं वाटत असेल त्यांनी गरीब मुलांसाठी आयुष्य दिलेल्या संत जॉन बॉस्कोची आठवण करावी. पोरवयात तो दोन झाडांमध्ये दोर बांधून त्यावर चालायचा, हातचलाखीचे प्रयोग करायचा, आणि मध्येच थांबून जमलेल्यांकडून जपमाळेची प्रार्थना म्हणून घ्यायचा, सकाळी ऐकलेलं प्रवचन त्यांना सांगायचा. दोर आणि प्रवचन, दोन्ही त्याच्या लेखी एकाच कामाचे होते.

येत्या सर्व संतांच्या सणाला आमच्या वर्गात वेशभूषा नाही. प्रत्येक मूल एका माणसाला बरोबर आणणार आहे, ज्याला ते "चर्चची संपत्ती" म्हणेल, आणि का ते एका वाक्यात सांगेल. कोण कोण येणार हे मी विचारलेलं नाही. खुर्च्या मात्र जास्त मांडून ठेवणार आहे. सैतानाच्या वकिलांसाठी केलेली प्रश्नावली माझ्याकडे तयार आहे. ज्यांना हवी असेल त्यांनी मागावी, आणि वापरून झाल्यावर आपल्या वर्गातल्या मुलांचे नवे प्रश्न तिच्यात घालून परत पाठवावी.

आपली नम्र,
एक धर्मशिक्षिका